चौथा गीझर

फार जुनी नाही, पण थंड डोंगरावरची गोष्ट. एका बंगल्यात फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरे आणि घर उबदार राही. एका सकाळी पोह्यांना फोडणी बसत असतानाच बातमी आली, तिसरा गीझरही जळून गेला. पाणी फिरवणारा म्हातारा पंप हळहळला. तिघांवरही त्याचा जीव होता.

दुपारी चौथा आला, कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक मिरवत.

"काका, ते तिघे लेचेपेचे असतील!"

"नाही रे बाळा. नळीत हवा अडकलीय, म्हणून तुमच्या पोटात पाणीच भरत नाही. कोरडेच तापता आणि जळता. ती वरची पितळी चावी फिरवली, की हवा निघून जाईल."

"मग मालकिणीला सांगा ना!"

"तीनदा घरघर करून सांगितलं. तिला वाटलं, मी घोरतोय."

"अहो काका, आज जरा मोठ्यानं घोरा!"

पंपाने जीव तोडून घरघर केली. मालकीण हेमलताबाई धावत आल्या.

"अगंबाई, याला तर नजर लागलीय!"

त्यांनी लिंबू-मिरची आणली, बांधायला जागा शोधली आणि नेमकी त्या पितळी चावीला बांधली. मग हात जोडून गीझरचं बटण दाबलं.

चावी कोणी फिरवली नाही.