हौसाबाईचा घोट

नदीकाठच्या एका गावात सिदबा नावाचा एक गुळव्या राहत होता. उसाचा रस मोठ्या काहिलीत आटवून त्याचा गूळ करायचा, हे त्याचं काम. रस काय, कोणीही आटवील. पण पाक नेमका कधी तयार झाला, हे ओळखणं महाकठीण. जरा आधी उतरवला तर ढेप बसत नाही. जरा उशीर झाला तर गूळ करपतो. सिदबा बुडबुड्यांकडे टक लावून बघायचा आणि एकदम म्हणायचा, "उतरवा!" तीस वर्षांत त्याची नजर एकदाही चुकली नव्हती. पंचक्रोशीत त्याचं नाव होतं आणि ते आहे हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं.

त्याने गुऱ्हाळावर एक नियम घालून दिला होता. पाक तयार व्हायला आला की त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. पाटील येवो, जावई येवो, तोंड बंद. त्या वेळी शिंक आली तरी माणसं नाक दाबून धरत.

घरी बायको हौसाबाई, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडं असं भरलं कुटुंब होतं. हौसाबाई पहाटे उठायची ती दिवसभर पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची. सगळ्यांना वाढायची, सगळ्यांवर ओरडायची, रुसलेल्याला हसवायची. सिदबाला तिचं कौतुक नव्हतं असं नाही. पण ते करायला त्याला सवड नव्हती.

एके दिवशी दुपारी काहील ऐन रंगात आली होती. एवढ्यात थोरली सून सगुणा धावत आली. पाय अनवाणी, पदर सुटलेला. सिदबाने डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला पाहिलं आणि हात वर केला. थांब.

ती थांबली. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण त्या हातापुढे आजवर कोणी ओरडलं नव्हतं. तोंडात पदर कोंबून ती उभी राहिली. बुडबुडे मोठे झाले, फुटले, पुन्हा आले. घटकाभराने सिदबा म्हणाला, "उतरवा!" सोन्यासारखा पाक निवायच्या वाफ्यात पसरला. इतका सुरेख पाक त्यालाही कधी साधला नव्हता. तो खुशीत वळला. "काय गं सगुणा?"

"मामंजी, आत्याबाई चुलीपाशी पडल्या. तोंड वाकडं झालंय. बोलत न्हाईत."

सिदबा धावत सुटला. वाटेत त्याला एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे आपला वर गेलेला हात.

वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले. मग सिदबाला बाजूला घेऊन म्हणाले, "अंगावरून वारं गेलंय. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि गिळणंही गेलं. आत्ता पाणी पाजाल तर ते श्वासात जाईल. तीन दिवसांत घसा उघडला तर बाई वाचतील."

"पण तो उघडला हे कळायचं कसं?"

"तेच तर अवघड. घाईने पाजलं तर ठसका लागून जीव जाईल. उशीर केला तर कोरड पडून जाईल. कोणीतरी डोळ्यांत तेल घालून बसायला हवं. माझ्याच्याने ते होणार नाही, मला आणखी दहा घरं आहेत." मग त्यांनी विचारलं, "बाई एरवी जेवतात कशा? भराभर की सावकाश? आवडीने काय खातात?"

सिदबाने सगुणाकडे पाहिलं. त्या घरात आधी पुरुष जेवत, मग मुलं आणि शेवटी बायका. तीस वर्षं हौसाबाईने त्याला वाढलं होतं. तिला जेवताना मात्र त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

सगुणा हळूच म्हणाली, "तांदळाची दाट पेज आवडती त्यांस्नी. चुलीपाशी बसून सावकाश खात्यात. डोळं मिटून."

सिदबाला लाज वाटली. बुडबुड्यांचा रंग ओळखणाऱ्या माणसाला बायकोची आवड ठाऊक नव्हती.

त्याने गुऱ्हाळावर निरोप धाडला, "चुलवाण विझवा." गाव चकित झालं. ऐन हंगामात चुलवाण विझलेलं कोणी पाहिलं नव्हतं. सिदबा हौसाबाईच्या उशाशी बसला. तिला पाठीशी आधार देऊन बसतं केलं. ओल्या फडक्याने तिचे ओठ टिपत राहिला. मुलगे म्हणाले, "पोरांना मामाच्या गावी पाठवू, गलका नको." सिदबा म्हणाला, "राहू द्या इथंच. तिचं घर हाय हे, तिच्याभोवतीच नांदू दे." म्हणून पोरं तिच्या पलंगाखाली सागरगोटे खेळत राहिली. सुना तिच्यासमोरच भाजी निवडत बसल्या. अधूनमधून डोळे पुसत, पण बसल्या.

हौसाबाईच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळायची. सिदबा फडक्याने टिपायचा. पहिला दिवस गेला. दुसराही गेला. फडकी भिजत होती आणि सिदबाचा धीर सुटत चालला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने फडकं बदलायला घेतलं आणि तो थबकला. फडकं कोरडं होतं. ओघळणारी लाळ गेली कुठे? त्याने तिच्या गळ्याकडे नजर लावली. बराच वेळ काही दिसलं नाही. मग कातडीखाली काहीतरी किंचित हललं. दुसऱ्या कोणाला ते दिसलंही नसतं.

"सगुणा, पेज आण. दाट."

नेमकी त्याच वेळी दारात घोडी थांबली. राजाचा कारभारी आत आला. परवाच्या त्या काहिलीचा गूळ राजाने चाखला होता आणि राजा खूष झाला होता. कारभारी म्हणाला, "सिदबा, राजवाड्याचा गुळव्या म्हणून तुला मानाचं पागोटं आहे. राजकन्येच्या लग्नाचा गूळ तुझ्या हातचा हवा. आत्ताच्या आत्ता निघायचंय."

या पागोट्यासाठी सिदबाने उभा जन्म काढला होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाला, "आज न्हाई जमायचं, कारभारी."

"मग राजाला काय सांगू?"

"सांगा, सिदबाची बायको एक घोट गिळती का ते बघायचं हाय."

कारभाऱ्याला हसू आलं. एका घोटापायी हा राजवाड्यावर पाणी सोडतो? पण त्याने घरात नजर फिरवली आणि त्याचं हसू जिरलं. मुलगे, सुना, पोरं पलंगाभोवती गोळा झाली होती. कोणी हलत नव्हतं. शेजारच्या बायका उंबऱ्यात उभ्या होत्या. कारभाऱ्याला वाटलं, इथे काहीतरी पूजा चालली आहे. त्याने नकळत जोडे काढले.

सिदबाने अर्धा चमचा पेज हौसाबाईच्या जिभेवर ठेवली. ओठ मिटले. डावा गाल हलला. मग काहीच झालं नाही. सिदबाने चमचा तसाच धरून ठेवला. आणि मग गळ्याची घाटी वर चढली, क्षणभर थांबली आणि खाली उतरली.

एवढंच झालं. तुम्ही ही गोष्ट वाचायला घेतल्यापासून चार वेळा गिळलं असेल आणि तुम्हाला पत्ताही नसेल. पण त्या घरात सगळ्यांच्या अंगावर काटा आला. धाकट्या सुनेने हात जोडले. ते देवाला जोडले, वैद्याला जोडले की हौसाबाईला, हे तिलाही सांगता आलं नसतं. सिदबा बघतच राहिला. माणसाच्या गळ्यात एवढं मोठं नवल चालू असतं, आणि आपण तीस वर्षं काहिलीतच डोकावत राहिलो!

कारभारी जोडे हातात घेऊन पाय न वाजवता बाहेर पडला. पागोट्याचं म्हणाल, तर ते त्या वर्षी दुसऱ्याच डोक्यावर बसलं.

सिदबाने दुसरा चमचा दिला. तोही उतरला. तिसऱ्या चमच्याला हौसाबाईच्या कपाळावर आठी पडली. वाकडे ओठ हलले. सगळे पुढे वाकले. तीन दिवसांनी तिच्या तोंडून पहिला शब्द आला, बोबडा, ओढलेला, पण स्पष्ट कळेल असा.

"अळणी."

सगुणाने जीभ चावली. गडबडीत ती पेजेत मीठ घालायला विसरली होती. घरात एकदम हसू फुटलं आणि हसता हसता सगळे रडू लागले. सिदबा तर लहान पोरासारखा हुंदके देत होता. सगुणा मीठ आणायला उठली, पण त्याने तिला खाली बसवलं. "तू बस. मी आणतो."

तो स्वयंपाकघरात गेला. हा डबा उघडला, तो डबा उघडला, मडकी धुंडाळली. मग तसाच परत आला आणि बायकोसमोर ओशाळून उभा राहिला.

"हौसा," तो म्हणाला, "आपल्या घरात मीठ कुठं असतं गं?"

हौसाबाईने त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. मग आपला धड असलेला डावा हात हळूहळू उचलला आणि कोनाड्याकडे बोट दाखवलं.

तात्पर्य: आपल्या माणसावर संकट आलं की हातातलं सारं टाकून धावावं, पण त्याच्याकडे डोळे भरून बघायला संकटाची वाट पाहू नये.