चुलीत गेलेली पुडी

भुईमुगावर जगणाऱ्या एका गावात तेलाच्या घाण्याचे एक घर होते. त्या गावात दाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नसे आणि चिक्की खाल्ल्याशिवाय पाहुणा परतत नसे. अशा घरात द्वारका सून म्हणून आली आणि नेमके तिच्याच पोटी दाण्याचे वावडे असलेली मुलगी जन्मली. देवालाही कधी कधी थट्टा सुचते, ती अशी.

मुलीचे नाव कस्तुरी. उष्टावणाच्या दिवशी मामाने कौतुकाने तिच्या जिभेला खीर लावली आणि घाणेवाल्याची पोर म्हणून वर दाण्याचा कूटही चाटवला. बघता बघता तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. तालुक्याच्या दवाखान्यात वेळेवर सुई मिळाली म्हणून पोर वाचली.

पोर वाचली, पण द्वारकेच्या उरात भीतीने ठाण मांडले ते मांडलेच. घाणा सुरू झाला की ती दारे-खिडक्या लावून घेई. नवरा नामदेव घाण्यावरून आला की हातपाय धुऊन सदरा बदलेपर्यंत त्याला मुलीला शिवू देत नसे. शेजारणी हसत. म्हणत, "घाण्याच्या घरात दाण्याचं सोवळं!" त्यांना हसायला काय जात होते? झोपलेल्या लेकराच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे का ते बघायची पाळी त्यांच्यावर आली नव्हती.

कस्तुरी चार वर्षांची झाली तेव्हा शहरातून एक डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी गावात छोटा दवाखाना उघडला. अशा मुलांना बरे कसे करता येईल, याचा शोध घेण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. गावात आणि आसपास कस्तुरीसारखी आणखीही मुले निघाली. बाईंची रीत साधी होती. मोहरीएवढी दाण्याची भुकटी पुडीत बांधून द्यायची. आईने ती मुलाला रोज घरी चारायची. शरीराची आणि दाण्याची हळूहळू ओळख पटली की मात्रा वाढवायची. मात्र वाढवलेली मात्रा पहिल्यांदा द्यायची ती दवाखान्यातच, बाईंच्या डोळ्यांसमोर आणि सुई भरून ठेवूनच.

"हा इलाज अजून पारखून बघतोय आपण," बाईंनी सगळ्या आयांना बजावले. "तुमच्या घरात मी नसते. तुम्ही सांगाल तेच मला दिसणार. पुडी चुकली तर चुकली म्हणा, मी रागावणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला पैसे पडत नाहीत.

पहिले काही दिवस द्वारकेने जीव मुठीत धरून पुडी चारली. मग एकदा पुडी खाल्ल्यावर कस्तुरीने ओठ चोळला आणि ती म्हणाली, "आई, खाजतंय." थोड्या वेळाने खाज गेली आणि पोर खेळायला पळाली. पण द्वारकेच्या मनातून ती खाज काही गेली नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, आणि हिला तर तेच दूध पुन्हा लेकीच्या ओठाशी न्यायचे होते. दुसऱ्या दिवशी तिने पुडी उघडली, लेकीकडे पाहिले आणि भुकटी चुलीत टाकली.

"दिलीस का गं?" नामदेवाने विचारले.

"दिली."

खोटे बोलताच तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. खोट्याची हीच तर खुबी आहे. पहिल्या दिवशी ते औषधासारखे लागू पडते. मग रोजच पुडी चुलीत जाऊ लागली, आणि बाई विचारत तेव्हा द्वारका मान खाली घालून म्हणे, "चालू आहे, बाई."

मात्रा वाढवायचा दिवस आला. दवाखान्यात साऱ्या आया मुलांना घेऊन बसल्या होत्या. बाईंनी कस्तुरीला मांडीवर घेतले आणि चमचा उचलला. सांगावे, आत्ता सांगावे, असे दहा वेळा तिच्या ओठांवर आले. पण एवढ्या बायका बघत होत्या. बाई जवळ आहेत, सुई भरलेली आहे, होणार काय, अशी तिने मनाची समजूत घातली आणि ती गप्प राहिली.

चमचा तोंडात गेला. थोड्याच वेळात कस्तुरी खोकली. तिचे ओठ सुजले, डोळे मिटत आले आणि पुन्हा तीच शिट्टी वाजू लागली. तिने आईकडे हात पसरले, पण तिला हाक मारायला आवाज फुटेना. बाईंनी क्षणाचाही उशीर न करता सुई टोचली. द्वारकेला वाटले, आपणच आपल्या हाताने लेकीचा गळा दाबला. अखेर श्वास मोकळा झाला आणि पोर रडू लागली. ते रडणे ऐकून द्वारकेने तिला बाईंकडून आपल्या मांडीवर घेतले.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या म्हणाल्या, "रोज पुडी घेणाऱ्या मुलीचं असं होतं, म्हणजे माझंच चुकलं. उद्या दुसऱ्या कुणाचा जीव जाईल. आजपासून हा इलाज बंद. सगळ्यांनी घरी जा."

"असं करू नका हो बाई!" सगुणा नावाची एक आई कळवळली. "माझा लक्ष्या आता जरा सुधारतोय. मी कुणाकडे जाऊ?"

द्वारकेच्या मांडीवर लेक सुखरूप होती. गप्प बसले असते तर सगळे आपोआप झाकले गेले असते. खरे सांगितले तर नवरा काय म्हणेल, गाव तोंडात शेण घालेल, बाई कस्तुरीला पुन्हा दारात उभे करणार नाहीत. पण समोर सगुणा रडत होती, आणि लेकरासाठी रडणे म्हणजे काय ते द्वारकेला ठाऊक होते.

"बाई, तुमचा इलाज चुकला नाही," ती उभी राहून म्हणाली. "मी पुडी दिलीच नाही. भ्याले. रोज चुलीत टाकली, आणि तुमच्याशी खोटं बोलले."

सगुणा तिच्या अंगावर धावून गेली. "अगं, तुझ्यापायी आमची लेकरं इलाजाला मुकली असती की!"

बाईंनी तिला अडवले. त्या द्वारकेला म्हणाल्या, "द्वारकाबाई, भीती वाटते एवढं जरी म्हणाला असता, तरी मी रोज इथे बसवून पुडी दिली असती. आज तुमची मुलगी गेली असती." मग त्यांनी बाकीच्या आयांकडे पाहिले. "आता खरं सांगा. आणखी कुणाची पुडी चुकली?"

मग एक हात वर झाला. मागून दुसरा झाला. सगळ्यात शेवटी, पदराने डोळे पुसत, सगुणाने हात वर केला.

तात्पर्य: भीती वाटणे हा गुन्हा नाही; पण बरे करायला आलेल्यापासून ती लपवली, तर त्याचेच औषध विष होते, आणि ते भोगावे लागते निष्पाप लेकराला.