पाचवा शंकू

शबाना मुजावर शाळेतल्या मुलींना हॉकी शिकवायच्या ती खेळातूनच. तिघींनी चेंडू राखायचा, दोघींनी हिसकावायचा, हाच रोजचा सराव. एके सकाळी संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब खर्डेकर मैदानावर आले. तरुणपणी जिल्ह्याकडून खेळलेला माणूस; हॉकीत त्यांच्यापुढे बोलायची कुणाची सोय नव्हती.

"हा पोरखेळ उद्यापासून बंद. शिस्तीत शंकूंमधून चेंडू न्यायला शिकवा, नाहीतर नोकरी सोडा." एवढं बोलून त्यांनी स्टिक मागून घेतली, आठ शंकू ओळीत मांडायला लावले आणि त्यांच्यामधून चेंडू झोकात वळवत नेला.

शबानाबाईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, आणखी एकदा न्याल?"

बाईंनी पाचवा शंकू उचलला आणि तिथे सहावीतल्या नूतनला स्टिक देऊन उभं केलं. "पाय हलवायचे नाहीत. चेंडू मात्र सोडायचा नाही."

आप्पासाहेब निघाले. चार शंकू मागे पडले. पाचव्या जागी चेंडू नूतनच्या स्टिकपाशी राहिला आणि साहेब रिकामेच पुढे गेले.



"मघाशी आठही शंकू तुमच्यापुढे हरले, साहेब," बाई म्हणाल्या, "कारण त्यांतल्या एकालाही चेंडू हवा नव्हता."