कलमाची पट्टी

फार वर्षांपूर्वी कोकणात एका वृद्ध ख्रिस्ती पाळकांच्या आश्रमात शलमोन नावाचा एक शिष्य राहत असे. मोठा कष्टाळू, आणि तितकाच अस्वस्थ. पहाटे उठून गुडघे टेकायचा, उपास करायचा, साऱ्या आश्रमाचं पाणी एकटा ओढायचा. पण रविवारी उपासनेत प्रभू येशूच्या नावाने वाटली जाणारी प्रभुभोजनाची भाकर समोर आली की हात मागे घ्यायचा. "अजून माझी लायकी नाही," म्हणायचा.

शेवटी आषाढात त्याने गाठोडं बांधलं. "बाबा, मी घरी जातो. देवाला पसंत पडेन असा मी काही होत नाही."

"जा की," पाळकबाबा म्हणाले, "पण आधी एवढं कलम सांभाळ. त्याला पालवी फुटली की खुशाल नीघ." आणि त्यांनी रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बसवून वरून पट्टी गुंडाळली.

शलमोनने ते फारच मनावर घेतलं. रोज सकाळी पट्टी सोडायचा, सांधा जुळला का पाहायचा, पुन्हा करकचून बांधायचा. पाळकबाबा ओट्यावरून पाहत आणि मिशीत हसत. काडी काळी पडून वाळली.

शलमोनला रडूच कोसळलं. "पाहिलंत बाबा? माझ्याच्यानं हेही झालं नाही."

"झालं नाही कसं? जरा जास्तच झालं!" पाळकबाबांनी त्याच रोपावर नवी काडी बसवली. पट्टीसाठी त्यांनी शलमोनच्या गाठोड्याचंच धडपं फाडलं. "लेकरा, या काडीला स्वतःचं मूळ नाही. ती दुसऱ्याच्या रसावर जगणार. तिने फक्त बांधलेलं राहायचं. तू मात्र आपण प्रभूला जोडले गेलो की नाही, ते रोज उकलून पाहतोस. फळं आली म्हणून सांधा जुळत नाही रे, सांधा जुळला म्हणून फळं येतात."

त्या रविवारी शलमोनने भाकरीसाठी हात पुढे केला. लायकी काही वाढली नव्हती. त्या पट्टीला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही.

आता पाळकबाबा नाहीत, आणि शलमोनचेच केस पिकलेत. त्या आंब्याच्या खोडावर सांध्याची गाठ अजून दिसते. वैशाखात तिच्यावरून हात फिरवताना त्याला ते मिशीतलं हसू आठवतं. एखादा नवा शिष्य येऊन लायकीचं बोलू लागला, की तो आधी त्याच्यासमोर एक पिकला आंबा धरतो. पोरगं संकोचतं.

"घे रे," शलमोन म्हणतो, "मलाही असंच मिळालं."