खाचेतली काजळी

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. घाटाखालच्या एका मुलखात मोटार होती एकच, आणि ती राजाने सुईणीला दिली होती. घाटावरच्या वाडीत कुणी बाळंतपणात अडली, की मोटार सुईणीला घेऊन वर जायची.

एकदा ती मोटार धूर ओकायला लागली. मेस्त्रीने इंजिन उघडलं, तर पिस्टनवर कार्बनचा काळाकुट्ट थर! असे पिस्टन रॉकेलमध्ये भिजवायचे, बांबूच्या कामटीने खरवडायचे, मग रिंगा काढून त्यांच्या खाचा कोरायच्या. खाचेतल्या काजळीने रिंगा चिकटल्या, की इंजिनाचा दम गळतो. पण हे काम महाकिचकट, बोटं सोलून काढणारं.

त्या मुलखाची एक रीत होती. इंजिन मिटण्याआधी पिस्टन पांढऱ्या पंच्यावर चावडीत मांडायचे. लोक बघायला येत, वाहवा करत. मेस्त्रीला त्या वाहवेची भारी चटक! त्याने पिस्टनचे माथे घासूनपुसून लखलखीत केले. खाचांपाशी मात्र त्याला कंटाळा आला.

सुईणीने विचारलं, "मेस्त्रीदादा, रिंगांखालचं झालं का?"

"तिथे कोण डोकावतंय, आक्का! माथा बघा, तोंड दिसेल तुमचं."

चावडीत वाहवा झाली. इंजिन मिटलं.

आठवडाही गेला नाही, तोच वाडीतून सांगावा आला. मेस्त्रीचीच लेक अडली होती, पहिलटकरीण. तो स्वतःच सुईणीला घेऊन निघाला. सपाटीला मोटार बरी पळाली. चढ लागताच ती धापा टाकू लागली आणि तिसऱ्या वळणावर बंद पडली. मेस्त्रीला कारण ठाऊक होतं.

दोघं पायी वर पोचली, तेव्हा ऊन कललं होतं. लेक वाचली. बाळ मात्र रडलंच नाही.

"बाबा," लेकीने क्षीण आवाजात विचारलं, "मोटार तर तुम्ही परवाच दुरुस्त केली होती ना?"

मेस्त्री भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

मोटार उतारावरून खाली आणून त्याने इंजिन पुन्हा उघडलं. बोटं रक्ताळेपर्यंत खाचा कोरल्या. माथ्यांवरून साधं फडकंही न फिरवता पिस्टन चावडीत मांडले. लोक कुजबुजायला लागले, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "नुसतं बघू नका. खाचेत नख घालून बघा."

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: जिथे कुणी डोकावत नाही, तिथलं काम आधी चोख करावं.