मावशीच्या नावाची हाक

ही हकिकत अक्षरशः खरी आहे, हवी तर माझ्याकडून शपथ घ्या. असं राज्य कुठे नव्हतं आणि तिथले प्राणी बोलत नसत, एवढं मात्र वगळायचं.

त्या राज्यात कोणालाच दुसऱ्याच्या घराची वाट ठाऊक नव्हती. पोहोचवायचं काम टोणग्याचं. पाठीवर ओझं टाकून नाव सांगितलं की तो निघायचा आणि ‘त्यांचं घर इकडे’ अशी हाक जिकडून येईल तिकडे वळायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकदा तरसाने सशांच्या आजोळच्या नावाने हाक दिली, आणि टोणगा सशाची पिल्लं तरसाच्या दारात उतरवून आला.

फार ओरडा झाला. मग पाणवठ्यावरच्या दगडावर प्रत्येकाने आपापल्या घराचा वास घासून ठेवला. हाक देणाऱ्याचा वास त्याच्याशी जुळला तरच ओझं उतरवायचं, असं ठरलं. टोणग्याने मान डोलावली.

पुढे सायाळबाईच्या भागातले कंद संपले. तिचं पोर वाळून काडी झालं. त्याला मावशीकडे धाडल्यावाचून इलाज नव्हता.

“टोणगेराव, ती मागची भानगड निस्तरली ना?” तिने विचारलं.

“कधीच! गळ्यातली घंटा बघा की. दुरुस्ती झाली म्हणूनच बांधलीय.”

“कोणी बांधली?”

“मीच.”

सायाळबाईने आणखी काही विचारलं नाही. विचारून उत्तर तेच मिळणार होतं. ती सरळ सरड्याकडे गेली.

“भावजी, वाटेवरच्या कोरड्या खड्ड्यात बसा. टोणगा आला की माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारा.”

“वहिनी, अहो, माझा आवाज ऐकलाय का? शेंबडं पोरसुद्धा फसायचं नाही.”

“मग बरंच झालं. तो पुढे निघून गेला, तर उद्या पोराला खुशाल पाठवते.”

तिने एक वाळून पोकळ झालेलं लांबोडकं कलिंगड पानांत नीट गुंडाळलं आणि टोणग्याच्या पाठीवर बांधलं. “पोर आहे हो, जपून न्या,” म्हणाली. टोणगा रमतगमत निघाला. ती खऱ्या पोराला घेऊन आडवाटेने पुढे गेली आणि खड्ड्याजवळच्या झुडपात दबून बसली.

घंटा वाजत आली. खड्ड्यातून सरडा चिरकला, “मावशीचं घर इकडे!”

टोणगा थबकला. नाकपुड्या फुलवून त्याने हवा हुंगली. झुडपाआड सायाळबाईने पोराच्या तोंडावर पंजा दाबून धरला.

मग टोणगा वळला. खड्ड्याच्या काठाशी गुडघे टेकून त्याने पाठ वाकवली आणि सरड्याला अदबीने म्हणाला, “मावशी, पोर निजलंय. हळू उतरवून घ्या.”

यात रचलेलं तेवढं एकच. टोणगा थबकला नव्हता.