बर्फाखालचं पाणी

फार पूर्वी हिमालयात थंडी नुकतीच ओसरत होती. भुरा नावाचा तरणा याक खिंडीपलीकडचं कोवळं गवत गाठायला कळपाच्या पुढे निघाला. आनंदाने त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. वाटेत बर्फाने झाकलेला ओढा लागला. तिथे चिमी कोल्हीण बर्फाला कान लावून बसली होती.

“दादा, थांबा. खाली पाणी धावतंय. तुमचा भार पेलणार नाही.”

“आता मागे फिरलो तर सगळा कळप मला हसेल.”

“हसायला तरी उरतील ना?”

भुराने उचललेला खूर मागे घेतला आणि कळपाला वरच्या खडकाळ वाटेने वळवलं. मागे एकदोघे हसलेच. इतक्यात ओढ्यावरचा बर्फ कडाडून खचला.

“चिमे, आता तूच पुढे चाल,” भुरा म्हणाला.

माथ्यावर पोचताच खाली हिरवंगार कुरण दिसलं, आणि तिच्यामागोमाग तो वासरासारखा उधळला.